डिपर दिला तरी डोळे दिपतात, त्याचे कारण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कापसाचा हंगाम सुरू झाला की खान्देशातल्या रस्त्यांवर रात्रीची रहदारी एकदम वाढते. जिनिंगकडे निघालेल्या ट्रॉल्या, रावेर-यावलकडचे केळीचे ट्रक, शहाद्याकडच्या उसाच्या गाड्या, मार्गशीर्षात सारंगखेड्याची यात्रा आणि चैत्रात ऊन टाळायला रात्रीच चालणारे सप्तशृंगी गडाचे भाविक. या सगळ्यांच्या तोंडी एकच तक्रार असते: समोरची गाडी जवळ आली की काही क्षण रस्ताच दिसत नाही. शिव्या पडतात त्या समोरच्या ड्रायव्हरला, डिपर देत नाही, म्हणजे झोत खाली घेत नाही म्हणून. पण पुष्कळदा त्या बिचाऱ्याने डिपर दिलेला असतो. त्याच्या हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये बाजारातून आणून बसवलेला एलईडी बल्ब डिपरवरही उजेड वर फेकत असतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला साधारण १७ मीटर पुढे जाते. दिपलेला डोळा सावरायला दोन-तीन सेकंद सहज जातात; वय झालेल्याला, मोतीबिंदू असलेल्याला त्याहून जास्त. म्हणजे ३५ ते ५० मीटर गाडी नुसत्या अंदाजावर चालते. तेवढ्या टप्प्यात मागचा दिवा नसलेली, रेडियमची पट्टीही नसलेली ट्रॉली कडेला उभी असली तर पुढे काय होते ते आपल्याच दैनिकात छापून येते.

ज्या गाडीला कंपनीतूनच एलईडी हेडलाइट येते तिच्याबद्दल हे पत्र नाही. तिथे भिंग, परावर्तक आणि उष्णता बाहेर टाकणारा भाग हे सगळे एलईडीच्या चिपभोवती, म्हणजे उजेड देणाऱ्या छोट्या तुकड्याभोवती आखलेले असते. आमची तक्रार आहे ती हॅलोजन बल्ब काढून त्याच खोबणीत बसवल्या जाणाऱ्या एलईडी बल्बबद्दल. दोन्हींना लोक 'एलईडी लाइट' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत, जीपमध्ये, पिकअपमध्ये एच-४ बल्ब असतो. हा बल्ब १९७१ पासून वापरात आहे आणि त्याची रचना फार हुशारीची आहे. एकाच काचेत दोन तारा असतात, अप्परची (लांबच्या झोताची) ६० वॉटची आणि डिपरची ५५ वॉटची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. ती तारेचा खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे परावर्तकाचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि तिथून परतलेला उजेड खाली रस्त्यावर पडतो. भिंतीवर पाहिले तर वर अंधार, खाली उजेड आणि मध्ये स्वच्छ रेघ दिसते. आपण डावीकडून चालतो म्हणून ही रेघ डावीकडे तिरकी वर चढते, म्हणजे कडेचा पादचारी आणि पाटी दिसते पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जात नाही. ही सगळी करामत तार नेमक्या जागी असण्यावर अवलंबून आहे. डिपरची तार जेमतेम साडेपाच मिलिमीटर लांब असते. ती मिलिमीटरभर जरी सरकली तरी रेघ विस्कटते.

आता एलईडी बल्बमध्ये काय असते ते पाहा. तार चारही बाजूंना सारखा उजेड देते. एलईडीच्या चिपा एका पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात, त्यांचा उजेड डावीकडे आणि उजवीकडे दोन झोतांत जातो. पट्टीला स्वतःची जाडी असते, चिपेचे क्षेत्रफळ तारेपेक्षा वेगळे असते, आणि स्वस्त मालात वाटीच्या नावाने पत्र्याचा एक तुकडा लावलेला असतो, त्याचा तारेच्या जागेशी काही संबंध नसतो. परावर्तकाला यातले काही कळत नाही. तो समजतो तार तिथेच आहे आणि आलेला उजेड जमेल तिकडे परतवतो. त्यातला बराचसा रेघेच्या वर जातो. त्यात भर म्हणून हा उजेड ६००० ते ६५०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचे माप), निळसर पांढरा असतो. हॅलोजनचा ३२०० केल्विनच्या आसपासचा पिवळट उजेड तितकाच असला तरी डोळ्याला निळसर उजेड जास्त टोचतो.

काही एलईडी बल्बची कॉलर (बुडाभोवतीची कडी) ढिली करून बल्ब फिरवता येतो. चिपा घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेला तोंड करून असल्या पाहिजेत. पुष्कळ ठिकाणी हे बघितलेच जात नाही. बल्ब पाचच्या दिशेला वळलेला असतो, एक झोत थेट वर जातो आणि मालक सांगतो, 'काय फोकस आहे बघा!'

मालकाची फसगत होते ती दुकानाच्या भिंतीमुळे. दोन मीटरवरच्या भिंतीवर कुठलाही एलईडी बल्ब हॅलोजनपेक्षा झगझगीतच दिसणार. रस्त्यावरही बोनेटच्या पुढचे दहा-पंधरा मीटर पांढरेधोप होतात आणि वाटते, वा, पैसे वसूल! पण जवळचा रस्ता जितका उजळ तितकी डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. कामाचा उजेड पन्नास-साठ मीटरवरचा. तिथे तीव्रता लागते, आणि एलईडीने तो मधला घट्ट झोत पसरवून टाकलेला असतो. भिंग असलेल्या प्रोजेक्टर दिव्यात आतल्या पडद्यामुळे रेघ शाबूत राहते, समोरच्याला त्रास कमी होतो, हे खरे. पण झोताचा मधला भाग तिथेही फिका पडतो, म्हणजे तोटा चालवणाऱ्याचा स्वतःचाच.

मग समोरचे डिपर मारतात, शिव्या देतात, म्हणून फिटर फोकस खाली करून देतो. यातले गणित साधे आहे. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल आणि झोत १ टक्का खाली वाकलेला असेल, म्हणजे दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर, तर रेघ जमिनीला ६५ मीटरवर टेकते. तोच झोत २ टक्के वाकवला की ती साडेबत्तीस मीटरवर टेकते. ताशी ८० च्या वेगात कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला साठ मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे महागाचा बल्ब घेऊन दृष्टी निम्मी केली, आणि विस्कटलेला उजेड तर वर जातोच आहे.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल एक गोष्ट कुणीही पडताळू शकेल. '२०० वॉट, २०,००० ल्युमेन' असे छापलेले असते (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचे माप). १२ व्होल्टवर २०० वॉट म्हणजे जवळपास १७ अँपिअर. हेडलाइटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा असतो. बल्ब खरोखर २०० वॉटचा असता तर स्विच दाबताक्षणी फ्यूज उडाला असता. तो उडत नाही, कारण बल्ब प्रत्यक्षात पंचवीस-तीस वॉटच घेतो. त्यातून थंड असताना अडीच-तीन हजार ल्युमेन मिळाले तरी खूप झाले. एच-४ हॅलोजन डिपरवर सुमारे १००० आणि अप्परवर सुमारे १६५० ल्युमेन देतो, पण ते योग्य जागी देतो.

'थंड असताना' हा शब्द मुद्दाम वापरला. एलईडीचा उजेड पुढे गार असतो, पण चिपेच्या बुडाशी भरपूर उष्णता तयार होते आणि ती काढायला मागे ॲल्युमिनियमचे पंख किंवा छोटा पंखा असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बोनेटखाली त्याहून किती जास्त असेल ते सांगायला नको. काळ्या मातीची बारीक धूळ त्या इवल्या पंख्यात बसते, पंखा आधी घरघरतो आणि मग बंद पडतो. चिप तापली की उजेड उतरतो. थोड्या दिवसांनी एका बाजूच्या चिपा मरतात. असा एका डोळ्याने काणा झालेला एलईडी बल्ब धड हॅलोजनही नाही आणि धड एलईडीही नाही, झोत एकीकडेच कलतो.

बूटचे, म्हणजे बल्बमागच्या रबरी झाकणाचे तर हालच होतात. एलईडीचा मागचा भाग मोठा, म्हणून बूट कापतात किंवा सरळ काढून टाकतात. मग पावसात पाणी आणि एरवी धूळ परावर्तकावर जाते. हॅलोजनच्या उष्णतेने काचेच्या आतले दव सुकून जायचे, एलईडी तेवढी ऊब देत नाही, त्यामुळे थंडीत पहाटे काच आतून धुरकट राहते. परावर्तकाची चकाकी एकदा गेली की पुसून परत येत नाही. पुसायला गेलात तर आहे तीही निघते. मग पूर्ण दिवाच बदलावा लागतो.

याशिवाय बारीकसारीक कटकटी आहेत. एफएम रेडिओ हेडलाइट लावताच खरखरतो, कारण एलईडीला वीज पुरवणाऱ्या 'ड्रायव्हर' सर्किटला चांगला फिल्टर नसतो. नव्या गाड्यांत बल्ब कमी करंट घेतो म्हणून डॅशबोर्डवर 'बल्ब गेला' अशी खूण येते किंवा दिवा लुकलुकतो. त्यावर उपाय म्हणून जो रेझिस्टरचा डबा जोडतात तो इतका तापतो की प्लास्टिकला टेकला तर ते वितळते. शिवाय वाचवलेली वीज तिथेच जळते, मग एलईडी कशाला घेतला?

आता मूळ प्रश्न. हॅलोजनचा उजेड कमी पडतो म्हणूनच माणूस एलईडीकडे वळतो, आणि ती तक्रार पुष्कळदा खरी असते. पण बल्बचा दोष त्यात शेवटचा. आधी पुढच्या काचेवरचा, वायपरच्या रेघांचा आणि आतून बसलेला चिकट थर पाहा. समोरचा उजेड फुटून डोळ्यात येतो तो तिथेच. मग हेडलाइटची प्लास्टिक काच. उन्हाने ती पिवळी, दुधाळ होते. १००० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरपासून २००० आणि ३००० पर्यंत जाऊन कंपाउंड मारले की ती स्वच्छ होते, पण वरून अतिनील किरण अडवणारा लेप दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा जैसे थे. टूथपेस्टने घासण्याचा उपाय फार दिवस टिकत नाही.

यानंतर व्होल्टेज, आणि जुन्या गाड्यांत खरे दुखणे इथेच असते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने पडतो. बल्बचे आकडे १३.२ व्होल्टवर दिलेले असतात. कपलरपर्यंत (बल्बच्या मागे बसणाऱ्या वायरींच्या जोडापर्यंत) १२ व्होल्टच पोचले तर उजेड चौथ्या हिश्श्याहून जास्त घटतो. साडेअकरा पोचले तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. चालवणाऱ्याला फक्त पिवळटपणा दिसतो आणि तो बल्बला दोष देतो.

मोजायची पद्धत अशी. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. इंजिन चालू, हेडलाइट चालू. बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.२ व्होल्ट दिसतील. आता कपलर बल्बवर बसलेला असतानाच त्याच्या मागून, वायरीच्या कडेने मीटरची टोकदार सळई (प्रोब) आत सरकवून वाचन घ्या. कपलर काढून मोजू नका. भार नसला की वाचन पूर्ण दिसते आणि दोष लपतो. बॅटरी आणि कपलर यांत अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक चालून जातो. एक व्होल्टच्या पुढे गेला तर गळती, म्हणजे वाटेत व्होल्टेज कुठे कमी होते ते शोधावे लागेल. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला आणि काळा कपलरच्या प्लस पिनेला लावला की प्लसच्या बाजूची गळती कळते. तसेच कपलरची अर्थ पिन (बॉडीमार्गे मायनसला जाणारी परतीची जोडणी) आणि बॅटरीचा मायनस यांत मोजले की अर्थची. निम्म्या वेळा अर्थच निघते. हेडलाइटजवळ बॉडीला कसलेला बोल्ट सोडवून, रंग-गंज पॉलिश पेपरने घासून, पुन्हा घट्ट आवळून वर थोडे व्हॅसलीन लावले की झाले. खर्च शून्य. कपलरच्या पिना काळवंडल्या असतील, प्लास्टिक तपकिरी झाले असेल तर कपलर बदला, आणि नवा जोडताना वायरी पिळून वर टेप गुंडाळू नका. क्रिंप करा किंवा कथील लावा.

प्लसची गळती स्विच आणि लांब बारीक वायरीत असेल तर रिले (थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) लावतात. अप्परला एक, डिपरला एक. बॅटरीवरून, बॅटरीच्या जवळच १५ अँपिअरचा फ्यूज घालून, अडीच चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर, ८७ वरून दिव्याला, ८५ अर्थला, ८६ ला जुन्या कपलरवरून येणारा इशारा. यामुळे स्विचवर फक्त रिलेचा किरकोळ भार राहतो. मात्र काही जपानी बनावटीच्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे तयार मिळणारे किट आंधळेपणाने लावले तर अप्पर-डिपरचा सगळा गोंधळ होतो. आणि संगणक मॉड्यूलवर चालणाऱ्या नव्या गाडीच्या वायरीला ब्लेड लावूच नये, वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

रिले बसवला म्हणून १००/९० वॉटचे बल्ब घालायचा मोह अनेकांना होतो. दोन दिव्यांना मिळून सतरा अँपिअरच्या आसपास करंट, त्यात होल्डर वितळतो, प्लास्टिकचा परावर्तक पोळतो. हे बल्ब रस्त्यासाठी मंजूरही नाहीत. निळ्या काचेचे 'सुपर व्हाइट' हॅलोजनही टाळा. निळा लेप त्याच ५५ वॉटमधला काही उजेड खाऊन टाकतो. चांगल्या कंपनीचा साधा ६०/५५ बल्ब दोन-तीनशे रुपयांत मिळतो. त्याच वॉटमधले जास्त उजेडाचे बल्बही मिळतात, त्यांची तार जास्त तापवलेली असल्याने ते लवकर उडतात, एवढे जाणून घ्यावेत.

बल्ब बदलणे घरी जमण्यासारखे काम आहे. गाडी आणि लाइट बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबा, चालू हॅलोजनने बोट चांगलेच भाजते. कपलर सरळ मागे ओढा, वायरी धरून नव्हे. घट्ट असेल तर डावी-उजवीकडे किंचित हलवत. रबरी बूट कडेच्या जिभेला धरून काढा. आत तारेची क्लिप दिसेल, ती आधी पुढे दाबून मग बाजूला सोडवायची असते. ती ओढून वाकवली तर नवा बल्ब कायम ढिला राहतो आणि गचक्यांनी उडतो. जुना बल्ब काढून त्याच्या बुडावरचा नंबर पाहा: एच-४, एच-७, एच-११, एचबी-३, जे असेल तेच घ्या. नवा बल्ब फक्त धातूच्या बुडाला धरा. काचेला बोटाचे तेल लागले तर तेवढी जागा जास्त तापते आणि काच तिथे कमजोर होते. चुकून लागलेच तर स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळवून बसवा. एच-४ च्या चकतीला तीन जिभा असतात आणि त्या सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे बल्ब एकाच तऱ्हेने बसतो. बसत नसेल तर फिरवून पाहा, ठोकू नका. क्लिप, मग बूट (त्यावरची वरच्या बाजूची खूण वरच यायला हवी), मग कपलर. बोनेट लावण्यापूर्वी अप्पर आणि डिपर दोन्ही तपासा. एक उडाला की दुसराही त्याच वयाचा असतो, जोडीने बदललेला बरा. काही गाड्यांत बॅटरी किंवा एअर फिल्टरची पेटी काढल्याशिवाय हात जात नाही. तिथे घाईत बूट अर्धवट बसतो आणि पावसाळ्यात दिव्यात पाणी दिसते.

बल्ब वारंवार उडत असतील तर बल्बची कंपनी बदलून उपयोग नाही. दोन्ही बाजूंचे लागोपाठ उडत असतील तर बॅटरीवरचे व्होल्टेज पाहा. ते १४.८ च्या पुढे जात असेल तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलेला आहे. नुसते पाच टक्के व्होल्टेज वाढले तरी तारेचे आयुष्य जवळपास निम्मे होते. एकाच बाजूचा उडत असेल तर त्या बाजूची क्लिप, अर्थ आणि बूट.

आता फोकस. बल्ब बदलल्यावर हे बघितलेच पाहिजे. टायरमध्ये हवा नेहमीची, ड्रायव्हरच्या जागी माणूस, झोत वर-खाली करणारी आतली लेव्हलची चकती शून्यावर. सपाट जागेवर भिंतीपासून पाच मीटर अंतरावर गाडी सरळ उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारा आणि डिपर लावा. रेघ त्या खुणेच्या पाच सेंटिमीटर खाली हवी; हा झाला १ टक्का. कंपनीचा आकडा वेगळा असेल तर तो बहुधा दिव्यावरच टक्क्यांत छापलेला असतो, तो प्रमाण माना. मागे केळीचे क्रेट किंवा पाच माणसे भरली की गाडीचे नाक वर होते, तेव्हा लेव्हलची चकती फिरवायची असते. ती चकती कशासाठी आहे हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

कायद्याचे म्हणाल तर तो आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की दिव्यापासून आठ मीटर पुढे, त्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेला सुटा भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. युरोपातही एच-४, एच-७ या खुणा तारेच्या बल्बसाठीच्या नियमावलीतल्या आहेत. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली, पण ती अमुक बल्ब अमुक मॉडेलच्या अमुक दिव्यात तपासून, तेवढ्यापुरतीच. आपल्याकडच्या खोक्यांवर 'सर्व गाड्यांना चालतो' असे लिहिलेले असते, यातच काय ते आले.

तेव्हा जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या परिवहन कार्यालयांना आमची विनंती आहे की फिटनेसच्या वेळी हेडलाइट नुसती लागते का हे न पाहता झोत कुठे पडतो ते बीम टेस्टरवर पाहावे. वाहतूक पोलिसांना तर यंत्राचीही गरज नाही. नियमातले आठ मीटर मोजून भिंतीवर किंवा पांढऱ्या फलकावर दीड मीटर उंचीची रेघ मारली की कुठली गाडी दिपवते ते पाच सेकंदांत दिसते. कन्नड घाटाच्या पायथ्याला, लळिंगजवळ किंवा टोल नाक्यांवर रात्री तासभर असे तपासले तरी पुरे. आधी समज द्यावी, बल्ब जागेवर बदलायला लावावा, दंड त्यानंतर. बंपरवर आणि टपावर लावलेले एलईडी बार याच वेळी बंद करायला लावावेत. त्यांना तर रेघच नसते. बाजार समित्या आणि जिनिंगवाल्यांनी आवारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल रेडियम आहे का एवढे बघितले तर निम्मे काम होईल.

दुचाकीवाल्यांसाठी दोन ओळी. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर चालूच राहतो, त्यामुळे तिथला चुकीचा एलईडी दिवसाही त्रास देतो. दुचाकीत पुष्कळदा एचएस-१ हा ३५/३५ वॉटचा बल्ब असतो. त्या जागी एच-४ दडपून बसवला तर बॅटरी आणि परावर्तक दोन्ही जातात.

ज्यांनी एलईडी आधीच बसवला आहे त्यांनी जुना बूट शिल्लक असेल तर तो, नसेल तर नवा घेऊन हॅलोजन परत बसवावा आणि फोकस पुन्हा लावून घ्यावा, कारण तो बहुतेक खाली केलेला असेल. काढलेली जोडी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी देऊ नये. गोठ्यात १२ व्होल्टच्या जुन्या बॅटरीवर, आधी फ्यूज घालून, ती चांगली चालते. तिथे कुणी समोरून येत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले,
ऑटो इलेक्ट्रिकचे काम करणारे काही वाचक,
जळगाव